तुम्ही विचारलंत म्हणून: लीगच्या मुलखातली फुटी

मंडळाच्या गणपतीत आरती संपून प्रसादाची रांग लागली की कोणीतरी हमखास विचारतं. "अगं, तुमच्या भागात सगळी पोरं लीग खेळतात. मग तू दर रविवारी त्या दुसऱ्याच खेळामागे का धावतेस? आणि त्यातून पुढे गेलंय का इथलं कोणी?" रांगेत उभ्या उभ्या मी आजवर "पोराला आवडतं हो" एवढंच सांगत आले. खरं उत्तर शिऱ्याच्या द्रोणात मावणारं नाही.

आधी भूगोल. आम्ही पश्चिम सिडनीत, ब्लॅकटाऊनच्या बाजूला राहतो. इथे 'फुटी' म्हटलं की रग्बी लीग. तेरा जण, चौकोनी मैदान, चेंडू छातीशी धरून समोरच्या भिंतीत घुसायचं. १९०८ पासून सिडनीत हेच चाललंय. शेजारच्या पेनरिथने २०२१ ते २०२४ सलग चार वेळा विजेतेपद घेतलं, तेव्हा आमच्या गल्लीत महिनोन् महिने काळे झेंडे लटकत होते. (निषेधाचे नव्हेत, पेनरिथ पँथर्स या संघाचा रंगच तो.) मेलबर्नला जा, तिथे 'फुटी' म्हणजे वेगळाच खेळ, ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. मी ज्याच्यामागे धावते तो हाच. अठरा जण, क्रिकेटचं लंबगोल मैदान, प्रत्येक टोकाला चार खांब. मधल्या दोन खांबांतून किक गेली तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेली तर एक. १९७८ मध्ये इयन टर्नर नावाच्या इतिहासकाराने या दोन मुलखांमधून एक काल्पनिक रेघ ओढली आणि रॉन बरासी या खेळाडूवरून तिला 'बरासी रेघ' असं गमतीचं नाव दिलं. आम्ही त्या रेघेच्या चुकीच्या बाजूला, चांगलेच आत. इथे मेलबर्नच्या या खेळाला 'हवेतलं पिंगपाँग' म्हणून हिणवायची जुनी पद्धत आहे.

मला हे उमजायला वेळ लागला नाही, कारण मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. अख्खा महाराष्ट्र क्रिकेटने वेडा, आणि आमच्याकडे पेठापेठांत फुटबॉलवरून भांडणं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावं मुळात तालमींची. कुस्तीच्या मातीतूनच फुटबॉलचे संघ उभे राहिले. शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असला की आमच्या घरी जेवायच्या वेळा बदलायच्या. माझा भाऊ कुठल्या शिबिरात शिकला नाही. तालमीच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या शिव्या खात शिकला.

इथे आल्यावर मुलाच्या शाळेतून ऑसकिकचं पत्रक आलं. ऑसकिक म्हणजे लहान मुलांसाठीची मेलबर्नच्या फुटीची पहिली इयत्ता. त्याला चेंडू मिळाला, टोपी मिळाली, तो खूश. दुसऱ्या हंगामात "टीम मॅनेजर कोण होणार?" असा प्रश्न आला तेव्हा सगळे पालक आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मी जरा उशिरा खाली बघितलं. तेव्हापासून मुलांबरोबर काम करण्याचा सरकारी परवाना, पाण्याच्या बाटल्या आणि गोल अंपायरचे दोन पांढरे झेंडे माझ्या गाडीत असतात. गोल झाला की दोन्ही हलवायचे, बाजूने गेला तर एक. पहिल्याच सामन्यात मी चुकून दोन हलवले आणि पलीकडच्या टीमच्या आज्जींनी मला जे ऐकवलं, त्याने मला पेठेची आठवण झाली.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे येणारी पोरं दणकट असतात, चपळ असतात, टॅकल करताना डोळे मिटत नाहीत. त्यांच्यात काही कमी नाही. फक्त त्यांच्या अंगात दुसरा खेळ भिनलेला असतो. लीगमध्ये चेंडूच्या पुढे राहिलं की ऑफसाइड, म्हणून ही पोरं आपोआप चेंडूच्या मागे येऊन उभी राहतात. आमच्या खेळात ऑफसाइडच नाही. पुढे पळून मोकळी जागा गाठणं हाच खेळ. आमचे कोच बाजूने ओरडून घसा बसवतात, "पुढे पळ, पुढे!" आणि पोरगं अपराधी चेहऱ्याने मागे वळून बघतं. लीगमध्ये चेंडू हाताने फेकायचा. आमच्यात फेकला की फ्री किक समोरच्याला. एका तळहातावर चेंडू धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोकावा लागतो. लीगमध्ये शत्रू समोरून येतो. इथे पाठीमागूनही येतो, आणि हे कळायला एक-दोन वेळा तोंडावर पडावं लागतं.

पण खरी गोम किकमध्ये आहे. लीगच्या संघात तेरातले दोघं-तिघंच मनापासून किक मारतात, इथे प्रत्येकाला मारावी लागते. आणि त्या किकचं सगळं गुपित हातात असतं, पायात नाही. उजव्या पायाने मारायची तर उजव्या हाताने चेंडू मांडीसमोरून सरळ खाली सोडायचा, जवळजवळ नेऊन ठेवायचा, बुटाच्या नाड्यांवर. नवीन पोरगं चेंडू वर उडवतं. मग तो हवेत कलतो, पायाच्या कडेला लागतो आणि पार्किंगमधल्या गाड्यांकडे जातो. माझ्या मुलाला ते सोडणं जमायला दोन हिवाळे लागले. मेलबर्नच्या पोराला हे कोणी शिकवत नाही. बाप ऑफिसातून आला की अंगणात, मधल्या सुट्टीत शाळेत, आजोबांच्या घरामागे, पंधरा-पंधरा पावलांवरून नुसतं इकडून तिकडे. दहा वर्षांचा होईपर्यंत त्याचे हजारो चेंडू मारून झालेले असतात आणि त्याला वाटतं आपण अजून सरावाला सुरुवातच केली नाही. आमच्या पोराला गुरुवारी एक तास मिळतो. घरी परत गेला की बापाला किक येत नाही, भावाला येत नाही, शेजारी हसतो.

या दरीवर पैशाचा पूल बांधून बघितला गेला. २०११ मध्ये गोल्ड कोस्ट आणि २०१२ मध्ये आमच्या पश्चिम सिडनीचे जायंट्स, असे दोन नवे क्लब लीगच्या मुलखात उभे केले. गोल्ड कोस्टने कार्माइकल हंट आणला, जायंट्सने इस्राएल फोलाऊ आणला. दोघंही लीगमधली मोठी नावं. फोलाऊ तेरा सामने खेळला आणि निघून गेला. पेपरात गाजावाजा झाला, पण आमच्या मैदानावर त्याने एक पोर वाढलेलं मला दिसलं नाही.

दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा निघाला. सिडनी स्वान्स या इथल्या दुसऱ्या क्लबने २०१० मध्ये अकादमी सुरू केली. या खेळात अठरा वर्षांची मुलं ड्राफ्टमधून निवडली जातात आणि क्लब उचलेल त्या शहरात जावं लागतं. सिडनीच्या पोराला उद्या पर्थ. अकादमीमुळे उत्तरेकडच्या चार क्लबना आपण घडवलेली मुलं आपल्याकडे ठेवण्याची संधी मिळते. यातून न्यूकॅसलजवळच्या कार्डिफचा आयझॅक हीनी २०१४ मध्ये आला, २०१५ मध्ये कॅलम मिल्स, २०२० मध्ये मरूब्राचा एरल गुल्डन. न्यूकॅसल आणि मरूब्रा, दोन्ही लीगचे बालेकिल्ले. २०२४ ची अंतिम लढत ब्रिस्बेन आणि सिडनी यांच्यात, मेलबर्नच्या मैदानात झाली. रेघेच्या उत्तरेचे दोन क्लब, ब्रिस्बेनच्या दोन कर्णधारांपैकी एक तर तिथल्याच अकादमीतला. दक्षिणेचे क्लब अकादम्यांवरून कायम कुरकुरतात. त्यांच्या पोरांना अंगण फुकट मिळतं, हे ते सोयीस्कर विसरतात. तर हो, पुढे गेलेत. मुलीही गेल्यात. २०१९ मध्ये जायंट्सकडून खेळलेली हनीन झ्रेका ही महिलांच्या स्पर्धेतली पहिली मुस्लिम खेळाडू, आणि ती इथलीच, पश्चिम सिडनीतली.

तरी माझं मत विचाराल तर अकादमी पोर उचलते, पेरत नाही. तिच्या निवड चाचणीला जाणाऱ्या पोराच्या हातून चेंडू आधीच सरळ पडत असावा लागतो.

माझ्या मुलाच्या संघात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. अकराव्या वर्षी तो उसळत्या चेंडूला असा पकडायचा की पलीकडचे पालकही टाळ्या वाजवायचे. तेराव्या वर्षी त्याच्या शाळेच्या लीग संघाने त्याला बोलावलं. चुलत भाऊ तिथेच खेळत होते. त्याच शाळेत मी कधीतरी आमचे चेंडू घेऊन गेले होते, तेव्हा "आमच्याकडे या खेळाचं मैदान बसत नाही" म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. मी त्या मुलाला गाडीत बसवून बरंच समजावलं. अकादमी, ड्राफ्ट, हीनी, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आंटी, सोमवारी लंचमध्ये मी हे कोणाबरोबर खेळू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर मी मूर्खपणाच केला होता. तेरा वर्षांच्या पोराला अठराव्या वर्षाचं गाजर दाखवत बसले होते, आणि त्याला हवा होता सोमवारचा जोडीदार. भाऊ तालमीकडून खेळला तो काय भारताच्या संघात जायला? पेठेतली पोरं तिथे होती म्हणून खेळला.

त्या हंगामानंतर आम्ही क्लबचे जुने, घासून पांढरे पडलेले चेंडू कपाटात ठेवणं बंद केलं. प्रत्येकाने एक घरी न्यायचा. हरवला तर हरवला. एक अट घातली, एकट्याने मारायचा नाही, रस्त्यावरचा कोणीतरी धरून आणायचा. लीगवाला चालेल, क्रिकेटवाला तर उत्तमच. १८५८ मध्ये टॉम विल्सने क्रिकेटपटूंना हिवाळ्यात तंदुरुस्त ठेवायला एखादा फुटबॉल क्लब काढा असं पत्र लिहिलं, तिथूनच हा खेळ सुरू झाला, तेव्हा नातं जुनंच आहे. आपली देशी पोरं उंच झेल छान घेतात. फक्त हात मऊ करून चेंडू पोटाशी आणतात, आणि तेवढ्यात मागून कोणीतरी ठोसा मारून तो उडवतो.

चेंडू बरेच हरवले. क्लबच्या खजिनदारांनी माझ्याशी बोलणं कमी केलंय.

आणि तो मुलगा लीगच खेळतो, चांगला खेळतो. पण त्याचं घर आमच्यापासून चार घरं सोडून आहे. बुधवारी पाचच्या सुमाराला मी भाजी टाकत असते तेव्हा गॅरेजच्या पत्र्याच्या दारावर धाडकन आवाज येतो. मग माझ्या मुलाचा, "अरे, सोड ना नीट, उडवू नको!" आणि त्याचं हसणं. दाराला आता तीन पोचे आहेत. नवऱ्याने परवा दार बदलायचं कोटेशन आणलं. ते मी फ्रिजवर, मॅग्नेटखाली लावून ठेवलंय.