डोमेन विक्री नोंद, वर्ष ३: हळदीचं नाव, एक बुडालेला सौदा आणि माझी दुसरा मेसेज टाकायची खोड

मार्च संपला, हिशोब झाला, म्हटलं लिहून टाकू. डोमेन म्हणजे वेबसाइटचे पत्ते, ते घेऊन ठेवायचे आणि ज्याला पाहिजे त्याला विकायचे, हा माझा रात्रीचा उद्योग. मागच्या वर्षीची नोंद मी लिहिलीच नव्हती कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं, एकच नाव विकलं होतं आणि तेही गाढवपणा करून.

आजची स्थिती सांगतो. एकूण ५८ नावं, त्यात ३१ डॉट इन, १९ डॉट कॉम, ४ डॉट भारत आणि ४ अशीच रात्री बारानंतर झटक्यात घेतलेली, ज्यांचा विषय मी घरी काढत नाही. वर्षात ३ विकली, ९ सोडून दिली. आले ९१,५००, रिन्युअलला (नावं चालू ठेवायची वार्षिक फी) गेले ५२ हजारांच्या आसपास. म्हणजे राहिले साडेएकोणचाळीस हजार, टॅक्स अजून जायचाय. रात्रीचे तास मोजले तर रोजंदारीसुद्धा पडत नाही, पण मोजतंय कोण.

आधी तो गाढवपणा, कारण या वर्षी जे काही जमलं ते त्याच्यामुळंच. एका ट्रॅव्हलवाल्यानं नाव विचारलं, मी ४० हजार सांगितले. दोन दिवस उत्तर नाही. मला वाटलं गेला हातातनं, मग मीच मेल टाकला की ३० ला करू. त्यालाही उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी परत मीच, की साहेब शेवटचे २२, आज फायनल करत असाल तर. पाचव्या दिवशी त्याचा फोन आला, म्हणाला सॉरी हो, मेव्हण्याच्या लग्नात होतो गावाला, मेल आत्ता बघितले सगळे, २२ ला डन करूया. आणि पैसे आल्यावर हसत हसत सांगितलं की ४० पण पार्टनरनं ओके केलेच होते. म्हणजे समोर कोणी बोलतच नव्हतं आणि मी एकटाच माझ्याशी घासाघीस करून १८ हजार खाली आलो. हे लिहिताना अजून कान गरम होतात.

माझे थोरले मामा सांगोल्याच्या बाजारात जनावरांच्या दलालीत होते. लहानपणी त्यांच्याबरोबर जायचो तेव्हा दोन माणसं रुमालाखाली हातात हात घालून बोटं दाबत उभी असायची, तोंडानं एक शब्द नाही, भोवती पन्नास जण उभे पण भाव कुणालाच कळायचा नाही. मामा एकदा बोटं दाबली की हात तसाच ठेवायचे. समोरच्यानं काहीही करू दे, हात काढून घेऊ दे, बैलाचे दात परत बघू दे, शिव्या देऊ दे, मामा आपला पानाला चुना लावत बसायचे. मी त्यांचा भाचा आणि मला ईमेलवर तीन दिवस गप्प बसता येत नाही.

तर या वर्षी एकच नियम केला. भाव सांगायचा आणि नंतर पहिला मेसेज आपण टाकायचा नाही. बाकी सगळं शिकलेलं याच्या पुढं किरकोळ आहे.

आता हळदीचं नाव. दोन साधे शब्द, डॉट इन, पूर्ण नाव देत नाही कारण ते आता त्यांचं आहे. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हापासून हळद डोक्यात होती, २०२३ ला हे नाव मोकळं दिसलं, सातशे रुपयांच्या आत घेतलं आणि त्या पत्त्याच्या पेजवर नुसता विचारणेचा फॉर्म लावून ठेवला. ऑगस्टमध्ये फॉर्मवर ओळ आली, "हे विकायचं आहे का, बेस्ट प्राइस सांगा."

पूर्वी मी लगेच "तुम्हीच ऑफर द्या" म्हणायचो, आणि मग ३ हजार यायचे, आणि ३ हजारांवरनं माणसाला वर न्यायचं म्हणजे पहिल्या गिअरमध्ये घाट चढायचा. समोरच्याला बाजार माहिती असेल तर ऑफर मागा, नसेल तर आकडा आपणच टाकावा, निदान बोलणं त्या आकड्याभोवती होतं. पण आकडा टाकायच्या आधी मी एक संध्याकाळ घालवली. फॉर्ममध्ये खाली फर्मचं नाव होतं, जीएसटीच्या नोंदींत शोधलं तर नोंदणी चार महिन्यांपूर्वीची, कुपवाड एमआयडीसीतली, म्हणजे माझ्या मिरजेच्या घरापासून स्कूटरवर पंधरा-वीस मिनिटं! मग बघितलं की त्यांनी आधीच काय काय घेऊन ठेवलंय, तर मधे आडवी रेघ असलेलं डॉट इन आणि साधं डॉट को डॉट इन, दोन्ही जुलैत नोंदवलेली. हे फार महत्त्वाचं. ज्यानं रेघवालं घेतलंय त्याला बिनरेघेचं खरंच पाहिजे असतं, फोनवर पत्ता सांगताना "मधे एक डॅश आहे हां" म्हणून म्हणून तो कंटाळलेला असतो. शेवटी ट्रेडमार्कचा शोध, मसाले वर्ग ३० मध्ये येतात, तिथं त्यांचा अर्ज होता पण लोगोसकट, वेगळ्याच ब्रँडनेमनं आणि माझ्या नोंदणीनंतरचा. म्हणजे नाव सामान्य शब्दांचं, आपण आधीचे, निर्धास्त बोलायला हरकत नाही.

१,२०,००० सांगितले. मनात माझी खालची मर्यादा ६० हजार होती, ती आधी कागदावर लिहून ठेवली, डोक्यात ठेवली की ती घसरते.

अर्ध्या तासात फोन. "अहो सर, एक लाख वीस? एवढ्यात तर मी अजून एक पल्व्हरायझर घेईन!" (म्हणजे हळद दळायचं मशीन.) मी म्हटलं घ्या की, त्यालाही नाव लागेलच. (हे बोलायला नको होतं, पण हसला बिचारा.) मग म्हणाला, "तुम्ही तर २०२३ ला घेतलंय, तारीख दिसतीय मला, सातशे-आठशेला मिळालं असेल." हे सगळेच म्हणतात आणि पहिल्या वर्षी मी यावर रिन्युअलचा खर्च, माझा वेळ असलं स्पष्टीकरण द्यायचो, म्हणजे आरोपीसारखं. आता एवढंच म्हणतो की रस्त्याला लागलेली जमीन आजोबांनी केवढ्याला घेतली होती त्यावर आज भाव ठरत नाही. त्यानं १५ सांगितले. मी म्हटलं नाही जमणार, विचार करा, घाई नाही. फोन ठेवला.

आणि मग ११ दिवस काही नाही.

चौथ्या दिवशी रात्री मी ९० चा मेसेज व्हॉट्सॲपवर टाइप केला होता. पूर्ण केला, "सर" पण लिहिलं सुरुवातीला. बायकोनं बघितलं आणि म्हणाली, "अहो, परत ट्रॅव्हलवाला करताय का?" पुसला. सातव्या दिवशी मी स्वतःला पटवत होतो की फॉलो-अप वेगळा आणि भाव उतरवणं वेगळं, फॉलो-अप चालतो. चालतो खरं तर, एक साधी ओळ, आकडा न बदलता. पण मला माझी सवय माहितीय, ओळ सुरू केली की आकडा आपोआप येतो.

बाराव्या दिवशी तोच आला. ४५. मी १,०५,००० वर आलो, मुद्दाम कमी उतरलो. तो ६०, मी ९०. इथं दोघांच्या उतरण्या-चढण्याकडं बघा, तो पंधरा चढला म्हणून मी पंधरा, त्याच्यापेक्षा मोठं पाऊल टाकायचं नाही. मग तो म्हणाला की एकरकमी होत नाही, पॅकिंगचं मशीन आत्ताच घेतलंय. आणि मला कळलं की भांडण भावाचं नाहीच, रोकड कधी द्यायची त्याचं आहे. म्हटलं ७८ करू, तीन हप्ते, २६ चे. नाव माझ्या खात्यात राहील, डीएनएस (पत्ता टाकल्यावर कुठली साइट उघडायची ते सेटिंग) तुमच्या वेबसाइटकडं आजपासून फिरवतो, तिसरा हप्ता आला की ट्रान्सफर. हप्ता १५ दिवसांपेक्षा लांबला तर करार रद्द आणि भरलेले परत नाहीत. यावर तो परत घासला, "१५ नाही, ३० करा साहेब, आमचे व्यापारीच आम्हाला दीड महिन्यानं देतात." ३० केले. हे सगळं मेलवर, फोनवर ठरलेलं मी लगेच चार ओळीत लिहून पाठवतो आणि "मान्य" असं उत्तर मागवतो. तिसरा हप्ता डिसेंबरात आला, दोघांची खाती एकाच रजिस्ट्रारकडं (नावं नोंदवणारी कंपनी) होती त्यामुळं पुश केलं, म्हणजे माझ्या खात्यातनं त्यांच्या खात्यात ढकललं, चहा होईपर्यंत काम झालं.

बाकीच्या दोन विक्री पटकन. एका योगशिक्षिकेला ९,५०० ला दिलं, फारशी घासाघीस केली नाही, ती म्हणाली दादा मी महिन्याला माणशी १,२०० फी घेते, माझा हिशोब तुम्हीच करा. केला. एक नाव आपल्यातल्याच एका डोमेनवाल्याला ४ हजारांना, घाऊक भावानं, रिन्युअल तोंडावर होतं.

आता बुडालेला सौदा, कारण गप्प बसणं म्हणजे ताठ राहणं नव्हे हे मला नोव्हेंबरात कळलं. माझं एक बरं डॉट कॉम होतं, म्हणजे आहे अजून. अमेरिकेतनं विचारणा आली, साध्या जीमेलवरनं, "छोटा प्रोजेक्ट आहे, बजेट कमी आहे." छोटा प्रोजेक्टवाले मला आता ओळखू येतात, कंपन्या दलालाकडनं किंवा कुठल्यातरी ज्युनिअरच्या नावानं विचारतात. मी ६,५०० डॉलर सांगितले. त्यांनी २,२०० दिले. मी ५,००० फायनल म्हटलं आणि मामांसारखा पानाला चुना लावत बसलो. दोन आठवड्यांनी बघतो तर त्यांनी त्याच नावाच्या पुढं "गेट" (इंग्रजी get) लावून दुसरं डॉट कॉम घेतलंय, दहा-बारा डॉलरला. संपलं. मामांच्या बाजारात "गेट-बैल" नसायचा. डोमेनमध्ये समोरच्याकडं कायम पळवाट असते, पुढं गेट, ट्राय, मागं ॲप, हब, इंडिया, नाहीतर दुसरं एक्स्टेन्शन (डॉट कॉमऐवजी दुसरं काही), आणि आपण "फायनल" शब्द वापरला की त्यालाही ती वाट शोधायला भाग पाडतो. ३,००० ला मी आनंदानं दिलं असतं. फायनल म्हणायची काही गरज नव्हती, आणि हप्त्यांचं तर विचारायचंच राहिलं. एस्क्रोची (नाव पोचेपर्यंत पैसे धरून ठेवणारी तिऱ्हाईत कंपनी) फी अर्धी-अर्धी करू एवढं म्हटलं असतं तरी बोलणं चालू राहिलं असतं. (एस्क्रोशिवाय परदेशी व्यवहार मी करत नाही, पेपालवर खरेदीदाराला १८० दिवस तक्रार टाकता येते, नाव गेलेलं असतं आणि पैसेही परत.)

एक ९,००० डॉलरची ऑफर पण आली होती, नवीन लोकांसाठी सांगतो. माणूस गोड बोलणार, भाव न करता मान्य करणार, आणि मग म्हणणार फक्त एक मूल्यांकनाचं सर्टिफिकेट आणा, अमुक साइटचंच पाहिजे. त्या साइटला शंभरेक डॉलर भरायचे की खरेदीदार गायब, कारण साइट त्याचीच. घासाघीस न करणारा खरेदीदार दिसला की पाकीट मागच्या खिशातनं पुढच्या खिशात घ्या.

आणि ते नेहमीचं, की मोठ्या कंपन्या एकत्र येणार अशी बातमी आली की दोघींच्या नावांचं जोडनाव आधीच पकडून ठेवू. ऑक्टोबर २०२४ चं जिओहॉटस्टारचं सगळ्यांना आठवत असेल, दिल्लीच्या एका डेव्हलपरनं नाव घेऊन ठेवलेलं आणि बदल्यात केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला, कोटीच्या आसपास. चर्चा भरपूर झाली, नंतर नाव दुबईतल्या दोन भावंडांकडं गेलं. माझं मत स्पष्ट आहे, हा आपला खेळ नाही. आपल्या मुंबई हायकोर्टानं १९९९ लाच रेडिफच्या केसमध्ये रॅडिफ नावाला मनाई केली होती, तेव्हा आपल्यातल्या निम्म्यांकडं इंटरनेटही नव्हतं. आणि यूडीआरपीच्या (डोमेनवरच्या भांडणांची आंतरराष्ट्रीय पद्धत) नियमांत सरळ लिहिलंय की ट्रेडमार्कवाल्यालाच खर्चापेक्षा जास्त किमतीला विकायच्या मुख्य उद्देशानं नाव घेतलं असेल तर तो वाईट हेतूचा पुरावा. म्हणजे ब्रँडच्या नावावर बसून तुम्ही भाव सांगणारा जो मेल टाकता तोच तुमच्याविरुद्ध लागतो. म्हणून मी सामान्य शब्दांचीच नावं घेतो आणि विचारणा पहिली समोरनं आली तरच बोलतो.

अजून एक, बोलताना मोठ्या विक्रीचे दाखले देणं मी बंद केलं. व्हॉइस डॉट कॉम २०१९ ला ३ कोटी डॉलरला गेलं, चॅट डॉट कॉम दीड कोटीच्या वर, हे आपल्याला पाठ असतं. कुपवाडच्या हळदवाल्याला ते सांगितलं तर त्याला वाटतं आपण त्याला उल्लू बनवतोय. त्याला त्याच्याच भाषेत सांगायचं, की एका प्रदर्शनाच्या स्टॉलला किती देता?

सध्या हातात एकच गोष्ट आहे. डॉट भारतच्या एका नावाला, पूर्ण देवनागरीतल्या, २०१४ ला ते एक्स्टेन्शन आल्यापासून मी ज्याची वाट बघत होतो ती पहिली विचारणा आली. कोल्हापूरची शाळा आहे. अडचण अशी की काही ठिकाणी पत्ता अजून एक्सएन आणि दोन रेघांनी सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत दिसतो, ते मी त्यांना आधीच सांगितलं, नंतर कळून सौदा मोडण्यापेक्षा बरं. १८ हजार सांगितलेत. आज सहावा दिवस. कुणी डॉट भारत खरोखर विकलं असेल तर आकडा सांगा, मला अंदाजच नाही की मी जास्त मागितले का कमी. मेसेज टाकलेला नाही अजून, फोन बायकोकडं आहे.