थंबनेलच्या पोटातलं थंबनेल

पहिला रविवार

बारवांच्या फोटोंचं माझं पान मोबाइलवर उघडायला इतका वेळ का लागतो, ते शोधायला सकाळी बसलो. पान तसं साधंच. ३१२ बारवा आणि विहिरी, प्रत्येकीचं १६० पिक्सेल रुंदीचं एक थंबनेल, खाली गावाचं नाव. एवढ्याशा चित्राला सात केबी पुरतात. माझी थंबनेलं सरासरी ४१ केबीची निघाली. म्हणजे नुसती यादी चाळायची तरी साडेबारा एमबी.

त्यातलं एक एक्झिफटूलला, म्हणजे फाइलीत दडलेल्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रामला, दाखवलं. चित्र ७ केबी, बाकी सगळं सामान. कॅमेऱ्याच्या खासगी नोंदी, म्हणजे मेकरनोट. संपादनाचा इतिहास. कलर प्रोफाइल, म्हणजे रंगांचे आकडे कसे वाचायचे ते सांगणारी नोंद. आणि १६० बाय १२० चं एक पिटुकलं चित्र! कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो चटकन दिसावा म्हणून कॅमेरा प्रत्येक फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोबरोबर लिहिल्या जाणाऱ्या नोंदींत, असं चित्र ठेवतो. मी फोटो लहान केला, पण आतलं चित्र होतं तसंच राहिलं. आता थंबनेलच्या पोटात जवळपास त्याच मापाचं दुसरं थंबनेल.

दोष माझ्या स्क्रिप्टचा. फोटो लहान-मोठे करणाऱ्या इमेजमॅजिक प्रोग्रामचं ‘रिसाइझ’ पिक्सेल तेवढे कमी करतं, सोबतचं गाठोडं जसंच्या तसं पुढे सरकवतं. त्याचाच ‘थंबनेल’ नावाचा वेगळा पर्याय कलर प्रोफाइल ठेवून बाकीचं टाकतो. एक शब्द बदलला आणि ३१२ फायली नव्याने काढल्या. साडेबारा एमबीचे अडीच झाले.

हुरूप येऊन मूळ फोटोंचाही हिशेब केला. ४.६ एमबीच्या फोटोत सामान जेमतेम ६० केबी, सव्वा टक्का. तिथे घाम गाळण्यात अर्थ नाही. नवरदेव जितका लहान, तितकं वऱ्हाड डोळ्यांवर येतं.

सोमवार, रात्री

थंबनेलं आडवी पडली आहेत. सगळी नाहीत, उभे धरून काढलेले फोटो तेवढे.

कारण माहीत होतं, तरी फसलो. फोन उभा धरला तरी पिक्सेल आडवेच साठवले जातात आणि ‘दाखवताना वळवा’ एवढी सूचना एक्झिफमध्ये लिहिली जाते. तिचे आकडे १ ते ८, उभ्या फोटोत बहुधा ६. एक्झिफ टाकलं की सूचनाही गेली. गंमत म्हणजे दिवसभर हे लक्षातच आलं नाही. वरून काढलेली बारव कुठूनही पाहा, पायऱ्या चारी बाजूंनी उतरतच असतात. शेवटी एका फोटोत नंदी भिंतीवर कुशीवर झोपलेला दिसला, तेव्हा ट्यूब पेटली.

उपाय सोपा आहे: आधी ‘ऑटो-ओरिएंट’ने पिक्सेल खरोखर वळवायचे, मग सामान उतरवायचं. मोठ्या प्रतींसाठी मात्र जेपेगट्रान हा प्रोग्राम वापरला, म्हणजे फोटो पुन्हा दाबला जात नाही, जेपेग फाइलीतले पिक्सेलांचे ठोकळे तसेच उचलून फिरवले जातात. इथे एक मेख आहे. फोनचा फोटो ४००० बाय ३०००, आणि रंग निम्म्या मापात साठवले असतील तर ठोकळा १६ बाय १६ चा. ४००० ला १६ ने पूर्ण भाग जातो, ३००० ला जात नाही, ८ ओळी उरतात. फिरवल्यावर ही अर्धवट पट्टी कडेला चुकीच्या जागी चिकटते. ‘ट्रिम’ म्हटलं की ती कापून टाकतं. मी कापली. आठ ओळींत कुणाची बारव बुडत नाही.

बुधवार

हाव सुटली. कलर प्रोफाइल तरी कशाला ठेवायचं, म्हणून ‘स्ट्रिप’ लावून तेही काढलं. सौ.नी चहा ठेवता ठेवता स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, “अहो, देवळीतल्या मारुतीचा शेंदूर असा विटलेला का दिसतोय?”

तो फोटो भाच्याच्या आयफोनवर काढलेला. २०१६ च्या आयफोन ७ पासून त्यांचा कॅमेरा डिस्प्ले पी३ या जास्त रुंद रंगपट्ट्यात फोटो काढतो. फाइलमधले आकडे त्या पट्ट्याचे, आणि ‘हे आकडे त्या पट्ट्याचे आहेत’ हे सांगणारं प्रोफाइल मी फेकलेलं. ब्राउझरने नेहमीचा एसआरजीबी रंगपट्टा धरून चालवलं आणि शेंदूर गेरूसारखा झाला. त्या प्रोफाइलचं वजन ५४८ बाइट. अर्धा केबी वाचवायला मारुती फिका केला!

प्रोफाइल परत ठेवलं. ज्या फोटोंत सर्वत्र आढळणारं ३,१४४ बाइटचं जुनं एसआरजीबी प्रोफाइल होतं, तिथून मात्र काढलं. प्रोफाइल नसेल तर ब्राउझर तसंही एसआरजीबीच धरतो. थंबनेलमध्ये तीन केबी म्हणजे निम्मं चित्र.

शनिवार, हेक्स एडिटर उघडून

हा दिवस मजेत गेला. हेक्स एडिटर फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवतो. जेपेग उघडली की सुरुवातीला एफएफ डी८, शेवटी एफएफ डी९, आणि पुढच्या अंगाला ‘ॲप’ नावाचे कप्पे. ॲप१ मध्ये एक्झिफ किंवा एक्सएमपी (संपादनाच्या प्रोग्रामने लिहिलेल्या नोंदी), ॲप२ मध्ये कलर प्रोफाइल, ॲप१३ मध्ये आयपीटीसीचं श्रेय आणि मथळे. कप्प्याची लांबी दोन बाइटमध्ये लिहितात, त्यामुळे एक कप्पा ६४ केबीच्या वर जात नाही. त्याहून मोठं सामान असेल तर अनेक कप्प्यांत तुकडे करून भरतात.

एका मित्राने बारवांचा नकाशा करून दिला होता. ९०० पिक्सेल रुंद, आणि फाइल २.३ एमबी. आत पाहिलं तर एक्सएमपीमध्ये ‘डॉक्युमेंट ॲन्सेस्टर्स’ नावाचा टॅग आणि त्याखाली हजारो लांबलचक क्रमांक. एका फाइलीतला थर दुसरीत चिकटवला की पहिलीच्या सगळ्या पूर्वजांचे क्रमांकही बरोबर येतात. मित्राने वर्षानुवर्षं जुन्याच फाइलीवर नवं काम केलं होतं. नकाशा १८० केबीचा, बाकी वंशावळ. त्या एक्सएमपीच्या शेवटी दोन केबी नुसत्या रिकाम्या जागा. त्या मुद्दाम असतात. पुढे मजकूर वाढला तर आख्खी फाइल पुन्हा लिहावी लागू नये म्हणून.

दुसरा नमुना याहून भारी. फोनवरचा एक फोटो ७ एमबी, त्याच दिवशीचे बाकीचे चारच्या आसपास. एफएफ डी९ येऊन गेलं, चित्र संपलं, तरी पुढे तीन एमबी शिल्लक. तो तुकडा वेगळा काढून ‘एमपी४’ नाव दिलं आणि चालवला. तीन सेकंदांचा व्हिडिओ, आवाजासकट! फोनमध्ये मोशन फोटो चालू राहिला होता. चारठाण्याच्या बारवेच्या काठावर मी कुणाला तरी सांगतोय, “तो प्लास्टिकचा ढीग फ्रेममध्ये घेऊ नकोस रे.” हा फोटो मी चार जणांना मूळ फाइल म्हणून पाठवलेला आहे. ढीग फ्रेममध्ये नाही, पण माझं बोलणं आहे.

चित्र संपल्यानंतरचं हे शेपूट एक्झिफटूलच्या भाषेत ‘ट्रेलर’. तेवढंच वेगळं काढता येतं. काही कॅमेरे तिथे टीव्हीसाठी मोठं प्रीव्ह्यू चित्र ठेवतात, तेही जातं. मात्र अँड्रॉइड १४ पासूनच्या अल्ट्रा एचडीआर फोटोंत उजेडाचा नकाशाही मुख्य चित्राच्या मागेच बसतो. तो उडवला तर फोटो उघडतो, फक्त एचडीआरची झळाळी जाते. मला चालतं, प्रत्येकाला चालेल असं नाही.

दुसरा रविवार

लिहायला लाज वाटते, पण नोंदवही आहे, लिहितो.

एक्झिफटूलला ‘ऑल’ आणि पुढे बरोबरचं चिन्ह देऊन पुढे काहीच लिहिलं नाही, की सगळा मेटाडेटा, म्हणजे चित्राबरोबरच्या सगळ्या नोंदी, पुसला जातो. बिचारं सावध आहे. मूळ फाइल ‘ओरिजिनल’ शेपटी लावून बाजूला ठेवतं. डिस्क भरत होती म्हणून मी ती प्रत न ठेवण्याचा पर्याय दिला. आणि ज्या फोल्डरमध्ये उभा राहून कमांड मारली, ते वेब प्रतींचं नव्हतं. परभणी जिल्ह्याच्या मूळ फोटोंचं होतं.

४७ फोटोंची तारीख, वेळ, जीपीएस, सगळं एका एंटरमध्ये गेलं. वालूरची बारव ओळखायला जीपीएस लागत नाही, शंखासारख्या गोल उतरत जाणाऱ्या पायऱ्या दुसरीकडे कुठे चुकून दिसणार नाहीत. पण शेतातल्या, बोरीबाभळींनी झाकलेल्या, नाव नसलेल्या पंधरा-वीस बारवा? त्यांचा पत्ता तेवढाच होता. सोबत आलेल्या मित्रांकडे मागितलं तर व्हॉट्सॲपवरच्या प्रती आल्या. फोटो म्हणून पाठवलं की तिथे हे सगळं आधीच गळून जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं असेल तरच उरतं. एकाने तसं पाठवलं होतं, त्याच्यामुळे ११ परत मिळाले. बाकीच्यांसाठी दिवाळीत पुन्हा तिकडे चक्कर.

तेव्हापासून मूळ फोटोंचं फोल्डर ‘फक्त वाचा’ करून ठेवलंय. वेब प्रतींत छायाचित्रकाराचं नाव आणि हक्काची ओळ ठेवतो, ते शंभर-दोनशे बाइट जड नाहीत. सार्वजनिक बारवेचं जीपीएस ठेवतो, कारण शोधायला येणाऱ्याला तेच हवं असतं. कुणाच्या वाड्याच्या परसातली विहीर असेल तर काढतो.

मंगळवार

पीएनजीचं काम अर्ध्या तासात उरकलं. पीएनजीची रचना फार शहाणी आहे. प्रत्येक तुकड्याला चार अक्षरी नाव, पहिलं इंग्रजी अक्षर कॅपिटल असेल तर तुकडा अत्यावश्यक, स्मॉल असेल तर टाकला तरी चित्र उघडतं. पीएनजी हलकी करणाऱ्या ऑक्सिपीएनजी प्रोग्रामला ‘स्ट्रिप सेफ’ सांगितलं की दिसण्यावर परिणाम करणारे तुकडे ते आपणहून वाचवतं.

शेवटच्या तुकड्यानंतर काही उरलंय का, तेही पाहिलं. २०२३ मध्ये गूगल पिक्सेल फोनच्या स्क्रीनशॉट कापण्याच्या सोयीत हेच उघड झालं होतं. कापलेलं चित्र जुन्याच फाइलीवर लिहिलं जाई, पण फाइल मागून छाटली जात नसे, त्यामुळे कापलेला भाग बराचसा परत मिळवता येई. माझ्याकडे तसं काही निघालं नाही.

गुरुवार, भाचीचा फोन

“मामा, तुझं ते फोटो बारीक करायचं खूळ आज कामाला येईल. अर्जाला फोटो २० ते ५० केबीच लागतो आणि माझा ५६० च्या खाली येतच नाही.”

“अगं, माप काय आहे?”

“२०० बाय २३०. दुकानदाराने तीनदा क्वालिटी कमी करून दिली. माझ्या तोंडाचे चौकोन झाले, केबी तेवढेच.”

फाइल मागवली (डॉक्युमेंट म्हणून!). उघडताच हसू आलं. ॲप२ चे एकापाठोपाठ एक नऊ कप्पे. दुकान लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं, फोटोही छपाईच्या सवयीने सीएमवायके रंगांत साठवलेला, आणि सोबत अमेरिकन ऑफसेट छपाईचं ‘स्वॉप’ प्रोफाइल. त्याचं वजन ५,५७,१६८ बाइट, म्हणजे ५४४ केबी. क्वालिटी शून्यावर आणली असती तरी ५४४ च्या खाली जाणं शक्य नव्हतं.

हे प्रोफाइल नुसतं उपटायचं नाही. सीएमवायकेचे आकडे तसेच राहतात आणि प्रत्येक प्रोग्राम आपल्या मनाने रंग लावतो, चेहरा हिरवट किंवा भडक येतो. आधी त्याच प्रोफाइलच्या आधाराने एसआरजीबीत रूपांतर, मग प्रोफाइल बाहेर. तिच्याकडून पहिली, न बिघडवलेली प्रत घेतली आणि हेच केलं. चांगल्या क्वालिटीत २६ केबी. फोटो अपलोड झाला.

दहा मिनिटांनी पुन्हा फोन. “मामा, सही घेत नाहीये.”

सही तिने मीच सांगितल्याप्रमाणे पांढऱ्या कागदावर करून, फोटो काढून पाठवली होती. मी १४० बाय ६० केली, झाडून सगळा मेटाडेटा काढला. ४ केबी. अर्जाची अट १० ते २० केबी. किमान दहा! क्वालिटी १०० केली तर ७ केबी. पांढऱ्या कागदावरच्या चार रेघांत भरणार तरी किती?

शेवटी जेपेगमध्ये टिप्पणीचा एक कप्पा असतो, त्यात मजकूर भरला. हाताशी होता तोच टाकला, लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीवरचं माझं टिपण, जरा लांबलेलं, चार केबीचं. सही झाली ११ केबी. पहिल्या झटक्यात अपलोड.