इंडियानापोलिस 500: तिकीट काढाल तर टर्न 3 चं काढा

इंडियानापोलिस 500 ही अमेरिकेतली 500 मैलांची मोटार शर्यत. स्टार्ट-फिनिश रेषेसमोरचं महाग तिकीट काढलं की अख्खी शर्यत दिसते, ही शुद्ध थाप आहे. ओव्हल म्हणजे चार वळणांचा (टर्न 1 ते 4) लंबगोल ट्रॅक, क्रिकेटचं स्टेडियम नव्हे. अडीच मैलांचा ट्रॅक, आत म्युझियम, गॅरेज, गोल्फचे चार होल; कुठेही बसा, तुकडाच दिसणार.

26 मे 2024 ची शर्यत घ्या. 12:45 ला सुटायची ती पावसामुळे 4:44 ला सुटली. ओव्हलवर पावसाळी टायर वापरत नाहीत, त्यामुळे पाऊस थांबला तरी ट्रॅक वाळवण्यात दोनेक तास जातात. विजांच्या भीतीने स्टँड रिकामे करायला लावले, म्हणजे शर्यत रद्द झाली असं नाही. शेजारचे सामान आवरू लागले तरी हलू नका.

पहिल्याच फेरीत टर्न 1 ला ब्लॉमक्विस्टची गाडी गरकन फिरली आणि 2022 चा विजेता एरिक्सन तिथेच शर्यतीतून बाद झाला. मधला बराच काळ पिवळे झेंडे (धोका असला की सगळ्यांनी हळू जायची खूण) आणि इंधनाची काटकसर. पुढची गाडी हवा कापते, जास्त इंधन जाळते. मागची तिच्या आडोशाने वाचवते. म्हणून पुढे राहण्याची फार कुणाला घाई नसते. त्या दिवशी बऱ्याच जणांनी आघाडी घेतली. कायल लार्सन या ड्रायव्हरला पिटमध्ये (इंधन-टायरसाठी थांबायच्या जागेत) वेगमर्यादा मोडल्याचा दंड बसला आणि तो 18 वा आला.

शेवटच्या फेरीत ओ'वॉर्ड या ड्रायव्हरने टर्न 1 ला आघाडीवरच्या न्यूगार्डनला मागे टाकलं. पण पुढे गेला तो सावज झाला! मागच्या सरळ पट्ट्यावर त्याच्याच आडोशाने वेग घेऊन न्यूगार्डन टर्न 3 ला बाहेरून निघून गेला. फरक 0.3417 सेकंद. रेषेसमोरच्यांनी हा वार मोठ्या पडद्यावर पाहिला.

तेव्हा तिकीट टर्न 3 च्या नॉर्थईस्ट व्हिस्टा स्टँडचं, आणि तेही वरच्या रांगांतलं. खालच्या रांगा फुकट मिळाल्या तरी नकोत: जाळीचे खांब आडवे येतात, गाडीऐवजी रंगाचा फराटा दिसतो. बाकं अॅल्युमिनियमची, उशी हवीच. ठरावीक मापापर्यंतचा कूलर चालतो, काचेची बाटली नाही. कानात बोळे, त्यावर हेडफोन आणि स्कॅनर (टीमचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणारं यंत्र). नाहीतर कोण पिटमध्ये का गेला हे कळतच नाही.

खरी लूट पार्किंगची. आसपासच्या घरांच्या अंगणात गाडी लावायला देतात. पाटीवरचा भाव आणि हातात घेतलेले पैसे जुळतीलच असं नाही. आत वळण्याआधी दोन गोष्टी विचारा: एकूण किती, आणि मागे दुसरी गाडी लावणार का? लावणार असतील तर सरळ पुढे जा. मागच्या गाडीचा मालक येईपर्यंत तुम्ही अडकलात, आणि बाहेरचा रस्ता तर तुंबलेला असतोच. शिकागोहून येणाऱ्यांनी घड्याळ एक तास पुढे करायचं. पहाटे निघायचं गणित तिथेच फसतं.