हिरव्या गोळ्यांची स्लाइड

पुण्यात कुठंही खणा, बेसॉल्टच लागतो. वालुकाश्म आमच्या टेबलावर, सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, येतो तो पार्सलनं. परवाचा नमुना कच्छचा, भुजजवळचा. पिशवीवर लिहिलेलं, 'तिरपे थर, नदीची वाळू'.

खडक इतका ठिसूळ की नखानं कण सुटत होते. असा तसाच कापला तर कण करवतीबरोबरच जातात. म्हणून रात्रभर 60 अंशांवर वाळवून, निळा रंग घातलेलं एपॉक्सी (कण धरून ठेवणारा, घट्ट होणारा चिकट द्रव) व्हॅक्यूमखाली मुरवलं. मग काचेवर चिकटवून 0.03 मिलिमीटर जाडीपर्यंत घासायचं. पहिल्या खेपेला क्रॉस निकोलमध्ये (सूक्ष्मदर्शकातल्या एकमेकांना काटकोनातल्या दोन ध्रुवक फिल्टरांमधून) क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचे कण, पिवळं दिसलं, म्हणजे स्लाइड जाड राहिलेली. करडं-पांढरं दिसेपर्यंत पुन्हा घासली.

आत हिरवे कण. "सर, क्लोराइट ना?" विद्यार्थिनीनं एका हिरव्या खनिजाचं नाव घेत विचारलं. (बेसॉल्टच्या पोकळ्यांतलं सेलाडोनाइट, तेही हिरवंच खनिज, बघून बघून आम्हा पुणेकरांचे डोळे हिरव्याला फसतात, ते वेगळंच.)

"आधी माप घे."

क्वार्ट्झ 0.15 मिलिमीटर, हिरव्या गोळ्या 0.4च्या आसपास. दोन्हींची घनता साधारण सारखी. एकाच पाण्यानं आणले असते तर मापंही जुळली असती. गोळ्यांच्या कडांना बाहेर रुंदावत गेलेल्या भेगा, भेगांत कॅल्साइट. एवढं मऊ खनिज लांबून गडगडत आलं असतं तर त्या कडा शाबूत राहिल्या नसत्या. स्टेज (स्लाइड ठेवायची फिरती चकती) फिरवला तरी गोळी एकदम काळी होत नव्हती, ठिपक्याठिपक्यांनी चमकत होती. ग्लॉकोनाइट, म्हणजे समुद्रात बनणारं हिरवं खनिज, आणि जागेवरच तयार झालेलं. ते होतं समुद्राच्या उथळ तळावर, गाळ फार सावकाश साचतो तिथं. तिरपे थर काय, भरती-ओहोटीचे प्रवाहही घालतात.

कण गोल म्हणजे वाटेत खूप झिजलेले, असं वाटतं; पण गोल क्वार्ट्झवर मात्र विसंबलो नाही. दोन-तीन कणांत धुळीची बारीक रेघ, तिच्याबाहेर वाढलेलं क्वार्ट्झ, आणि तेही झिजलेलं. म्हणजे हे कण जुन्या एखाद्या वालुकाश्मातून सुटलेले. त्यांची गोलाई कुठल्या फेरीतली, कोण सांगणार?

शेवटी कुठलं खनिज किती, हे काढायला स्लाइडवरचे 300 बिंदू मोजले. तिनं 'अपारदर्शक खनिज' म्हणून लिहिलेले सात खोडायला लावले. टोकदार, सगळे एका मापाचे, एपॉक्सी न पोचलेल्या पोकळ्यांत अडकलेले: आमचीच घासायची कार्बोरंडम पूड!

पिशवीवरची 'नदी' खोडली नाही, पुढं प्रश्नचिन्ह काढलं. त्याच थराच्या वरचा आणि खालचा नमुना मागवलाय.