लोकरीवरचा हिरवट डाग

आमच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक अध्याय वाचायची रीत होती. वडील उत्पत्तीपासून सुरुवात करून एकही अध्याय न गाळता पुढे जात, मात्र लेवीय या पुस्तकाचा तेरावा अध्याय आला की त्यांच्या वाचनाला एरवी नसणारी घाई येई. ५९ वचनांचा तो अध्याय चट्टे, खपल्या, पांढरे झालेले केस आणि सूज यांनी भरलेला आहे, आणि जेवणाच्या तोंडावर ऐकण्याजोगे त्यात फारसे काही नाही, असे आम्हा मुलांचे मत होते.

गेल्या श्रावणात आजीची पांढरी लोकरीची शाल ट्रंकेतून बाहेर काढली, तेव्हा तिच्या आतल्या घडीवर वालाच्या दाण्याएवढे तीन-चार हिरवट डाग पडलेले दिसले. अंगठ्याने पुसल्यावर वरची भुकटी निघाली, पण डागाखालचा धागा विरला होता आणि जरासा ताण देताच तो तुटला. त्या संध्याकाळी मी लेवीयच्या तेराव्या अध्यायाची शेवटची तेरा वचने प्रथमच सावकाश वाचली, कारण ती माणसाच्या कातडीविषयी नाहीत, कापडाविषयी आहेत.

नियम असा आहे. लोकरीच्या किंवा जवसाच्या धाग्याच्या वस्त्रावर, त्याच्या ताण्यात किंवा बाण्यात, किंवा चामड्याच्या कोणत्याही वस्तूवर हिरवट अथवा लालसर चट्टा दिसला, तर तो याजकाला, म्हणजे पुरोहिताला, दाखवायचा. याजक ते वस्त्र सात दिवस बंद करून ठेवतो. सातव्या दिवशी चट्टा पसरलेला आढळला, तर वस्त्र जाळायचे. पसरलेला नसेल, तर ते धुऊन आणखी सात दिवस ठेवायचे. धुतल्यानंतर डागाचा रंग मुळीच बदलला नसेल, तर तो पसरलेला नसला तरी वस्त्र जाळायचे. रंग फिका पडला असेल, तर तेवढाच तुकडा फाडून काढायचा. त्यानंतर डाग पुन्हा उमटला तर वस्त्र अग्नीत जाते. उलट, धुतल्यावर डाग साफ निघून गेला असेल, तर ते दुसऱ्यांदा धुतले की शुद्ध होते.

या चट्ट्यासाठी मूळ हिब्रूत ‘त्साराअत’ हा शब्द आहे. ग्रीक भाषांतरकारांनी त्याला ‘लेप्रा’ म्हटले आणि पुढे निरनिराळ्या भाषांत, मराठीतही, त्याचा महारोग झाला. कापडाला किंवा (पुढच्या अध्यायात जिच्यावरच्या चट्ट्यांचा नियम आहे त्या) घराच्या भिंतीला महारोग होत नाही, आणि नॉर्वेचे डॉक्टर हान्सेन यांनी १८७३ मध्ये ज्या रोगाचा जंतू शोधला तो रोग या अध्यायातल्या वर्णनाशी जुळतही नाही. वस्त्रावरचे आणि घराच्या भिंतीवरचे हे चट्टे बुरशीचे असावेत, असे आजचे बहुतेक अभ्यासक मानतात. शब्दाच्या या एका गफलतीपायी महारोग झालेल्या माणसांच्या वाट्याला धर्माच्या नावाने जो तिरस्कार आला, तो मात्र बुरशीसारखा पुसून टाकता येणारा नव्हता.

चट्ट्याचे रंग सांगणारे शब्दही पाहण्यासारखे आहेत: ‘येराक्राक’ आणि ‘अदाम्दाम’. हिरव्या आणि लाल रंगांच्या शब्दांतली अक्षरे दुहेरी करून ते घडवलेले आहेत. व्याकरणकार या द्विरुक्तीने रंग सौम्य होतो असे मानतात, म्हणजे आपले हिरवट आणि लालसर, पण इ. स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहामध्ये हिरव्यांतला सर्वांत हिरवा आणि लालांतला सर्वांत लाल, असा नेमका उलटा अर्थ लावला आहे. हिरवट म्हणायचे की हिरवागार, या एका प्रश्नावर एखाद्या गरिबाचे पांघरूण वाचणार की जळणार हे ठरत असे.

पांघरुणाची किंमत काय होती, हे समजल्याशिवाय या नियमाचे वजन कळत नाही. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की शेजाऱ्याचे वस्त्र गहाण घेतले तर सूर्यास्तापूर्वी ते परत करावे, कारण अंगावर घ्यायला त्याच्याजवळ तेवढेच असते. ते नसेल तर त्याने काय पांघरून निजावे? १९६० मध्ये इस्राएलच्या किनाऱ्यावरील याव्ने-याम जवळच्या एका जुन्या किल्ल्यात खापरावर शाईने लिहिलेला एक हिब्रू अर्ज सापडला, तो इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या अखेरचा आहे. त्यात एक कापणी करणारा मजूर किल्ल्याच्या अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे घालतो की, नेमून दिलेले काम मी पुरे केले असतानाही माझे वस्त्र काढून नेले, सोबतचे कापणीवाले माझ्या बाजूने साक्ष देतील, माझे वस्त्र मला परत मिळावे. एका वस्त्रासाठी माणूस किल्ल्यापर्यंत अर्ज नेतो, त्या काळात ‘जाळून टाका’ हे दोन शब्द किती जड असतील! त्या दोन शब्दांपूर्वी सात दिवस, धुणे, पुन्हा सात दिवस आणि फाडलेला एक तुकडा अशी रांग का लावली आहे, ते इथे उमगते. या कायद्याला जाळण्याची घाई नाही.

तरीही त्यात एक कठोर जागा आहे आणि मी बराच वेळ तिथेच अडखळलो होतो. माणसाच्या कातडीवरचा चट्टा दोन आठवडे न पसरता राहिला आणि फिका पडला, तर याजक त्याला शुद्ध ठरवतो, आणि मिश्नाच्या मते तो फिका न पडता जसाच्या तसा राहिला तरी माणूस शुद्धच असतो. वस्त्राचे तसे नाही. धुतल्यावरही ज्याचा रंग बदलत नाही ते वस्त्र, डाग तसूभर पसरला नसला तरी जाते. म्हणजे कातडीबाबत स्थिर राहणे पुरेसे आहे, पण कापडाबाबत पाण्याला काही प्रतिसाद मिळायला हवा. याची गंमत अशी की कापडाला मन नसते, आणि तरीही नियमाची मागणी एखाद्या मनाकडे केलेल्या मागणीसारखी आहे.

इथूनच प्रवचनकारांना वाट सापडते. वस्त्र म्हणजे आपली वागणूक, डाग म्हणजे पाप, अग्नी म्हणजे न्याय, असा हिशेब मी लहानपणापासून व्यासपीठावरून ऐकत आलो आहे. त्याला आधार नाही असे नाही: जखऱ्याच्या तिसऱ्या अध्यायात मुख्य याजक यहोशवा मळक्या वस्त्रांनी देवदूतापुढे उभा राहतो आणि ती वस्त्रे उतरवून त्याला उत्तम वस्त्रे नेसवली जातात, आणि यहूदाच्या पत्रात देहाने डागाळलेल्या अंगरख्याचाही तिटकारा धरायला सांगितले आहे. यहुदी परंपरेनेही हा धागा घट्ट विणला आहे. यहुदी धर्मपंडित मायमोनिडीस (११३८–१२०४) म्हणतात की वस्त्रांवरचे आणि घरांवरचे हे बदल निसर्गक्रमातले नव्हेत. दुसऱ्याची निंदा करणाऱ्याला सावध करण्यासाठी चट्टा आधी घराच्या भिंतीवर येतो, मग चामड्याच्या सामानावर, मग अंगावरच्या कपड्यांवर आणि सर्वांत शेवटी कातडीवर. दंड बाहेरून आत सरकत येतो आणि वाटेत प्रत्येक टप्प्यावर थांबण्याची संधी असते, ही कल्पना मला सुंदर वाटते. लेवीयच्या मूळ वचनांत मात्र ती नाही, हेही तितकेच खरे.

मूळ वचने वस्त्राच्या मालकाविषयी एक शब्द बोलत नाहीत. त्याने काय केले, कोणाची निंदा केली, वस्त्र ओलसर जागी का ठेवले, यांपैकी काहीच याजक विचारत नाही. तो फक्त पाहतो. माणूस शुद्ध व्हायचा तर पक्षी, गंधसरूचे लाकूड, किरमिजी सूत आणि एजोब नावाची वनस्पती लागते, घरालाही पक्ष्यांचा विधी आहे. वस्त्राला यातले काही नाही, नुसते पाणी. म्हणून डाग दिसला की मालकाच्या चारित्र्याकडे बोट दाखवणाऱ्या प्रवचनापेक्षा मला मिश्नामधला एक छोटा विचार या नियमाच्या अधिक जवळचा वाटतो. घराच्या भिंतीवर चट्टा दिसला, तर याजक आत येण्यापूर्वी घर रिकामे करावे अशी आज्ञा आहे, कारण त्याने अशुद्ध ठरवले की आतले सगळेच अशुद्ध होईल. रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, मेईर विचारतात, यात वाचते तरी काय? लाकूड, कापड आणि धातू तर पाण्यात बुडवून शुद्ध करता येतात. उरतात मातीचे तांबे आणि सुरया, त्या मात्र शुद्ध होत नाहीत, फोडाव्याच लागतात. म्हणजे ज्याच्या घरावर चट्टा आला त्याच्या मातीच्या तांब्याचीही शास्त्राला काळजी आहे.

तशीच काळजी फाडलेल्या तुकड्याच्या बाबतीतही दिसते. तुकडा काढून त्या जागी मालकाने नवे ठिगळ लावले आणि पुढे चट्टा मूळ वस्त्रावर परत आला, तर ठिगळ सोडवून वाचवता येते. चट्टा ठिगळावर आला, तर वस्त्र जाळायचे. ठिगळ म्हणून लावलेल्या चिंधीचाही वेगळा विचार करणारे हे लोक होते.

ज्या वस्त्राचा डाग धुतल्यावर निघून गेला, ते ‘दुसऱ्यांदा धुवावे म्हणजे शुद्ध होईल’, असे अठ्ठावन्नावे वचन म्हणते. फ्रान्समधल्या त्रुआचे यहुदी भाष्यकार राशी (१०४०–११०५) या जागी अरामी भाषांतराचा आधार घेऊन सांगतात की या प्रकरणात धुण्याचा जिथे जिथे उल्लेख आहे, तिथे तिथे मळ काढण्याचे धुणे अभिप्रेत आहे. फक्त हे शेवटचे धुणे तसे नाही, ते बुडवणे आहे. डाग पहिल्याच धुण्यात गेलेला असतो, कापड पांढरे दिसत असते, याजकाला हरकत घेण्यासारखे काही उरलेले नसते, आणि तरीही ते पुन्हा एकदा पाण्यात बुडवायचे असते.

आजीच्या शालीचे डाग तीन वेळा धुऊन आणि उन्हात वाळवून फिके झाले. विरलेला कोपरा कापून मी त्याची कड शिवून घेतली. परवा कोरडे ऊन पडले होते, तेव्हा त्या शालीवर काही नव्हते, तरी ती मी साध्या पाण्यात एकदा बुडवून काढली.