मिस्त्री म्हणजे नेमका कोण?

घरांच्या बांधकामावर देखरेख करण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो असल्यामुळे एक प्रश्न घरमालकांकडून आणि कामावर नव्याने आलेल्या इंजिनिअर मुलांकडून मला नेहमी विचारला जातो: मिस्त्री म्हणजे नेमका कोण, गवंडी की सुतार? तुम्हीही तोच विचारलात म्हणून जरा सविस्तर लिहितो. या शब्दाने मलाही एकदा अडचणीत आणले आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटाचे दार घासते म्हणून ओळखीच्या एका बाईंनी मला "उद्या मिस्त्री पाठवा" असा निरोप दिला, मी तो जसाच्या तसा पुढे कळवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात थापी आणि घमेले घेऊन फरशी बसवणारा गृहस्थ उभा राहिला. (त्याने बिजागरीचे स्क्रू आवळून दार सरळ करून दिले, आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत.)

गवंडी, सुतार, लोहार, पाथरवट हे शब्द माणसाचा धंदा सांगतात. गावगाड्यात तर त्यांतले बरेचसे जातही सांगत आले. मिस्त्री या शब्दातून यातले काहीच कळत नाही. तो सांगतो ती योग्यता. माप ज्याच्या हातात आहे आणि ते चुकले तर ज्याला जाब द्यावा लागतो, तो मिस्त्री. त्यामुळेच हा शब्द एकटा वापरला की अपुरा पडतो, आणि कामावरची माणसे गरजेप्रमाणे सुतारमिस्त्री, फरशीमिस्त्री असे जोडून बोलतात.

त्याच्या विरुद्ध टोकाला बिगारी. बेगार म्हणजे मोबदला न देता करून घेतलेले काम, हा मूळ फारसी अर्थ आपल्या वेठबिगारीत अजून टिकून आहे. बांधकामावरचा बिगारी मात्र रोज ठरवून घेतो आणि तरीही जुनेच नाव वागवतो. विटा उचलून देणारा मुलगा आधी माल कालवायला लागतो, मग दोरीचे दुसरे टोक धरायला लागतो, मग एखाद्या दिवशी मिस्त्री आला नाही म्हणून चार थर स्वतः लावतो. त्याला मिस्त्री कधीपासून म्हणायचे, हे कुठल्याही कागदावर लिहिलेले नसते. सरकारी दरपत्रकात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे तीन रकाने असतात आणि मीही हजेरीपटावर "कुशल" असेच लिहितो, पण "अहो कुशल, जरा इकडे या" अशी हाक मी आजवर ऐकलेली नाही.

माप हातात असणे म्हणजे काय, ते पाहायचे असेल तर फरशी घालण्याआधीची सकाळ पाहावी. पारदर्शक नळीत पाणी भरून तिचे एक टोक बिगारी एका भिंतीशी धरतो आणि दुसरे मिस्त्री समोरच्या भिंतीशी. दोन्हीकडचे पाणी स्थिरावेपर्यंत कोणी बोलत नाही. मिस्त्रीचे लक्ष त्या वेळी पाण्याच्या रेघेवर असण्याआधी नळीवर असते, कारण मध्ये कुठे हवेचा बुडबुडा अडकला असेल तर दोन्हीकडची पातळी खोटी येते आणि ती खोटी आहे हे फरशी बसल्यावरच कळते. तो बोटाने नळीवर टिचक्या मारीत बुडबुडा टोकापर्यंत नेतो, बाहेर काढतो आणि मगच कानावरची पेन्सिल उतरवून भिंतीवर खूण करतो. हल्ली लेझरची लाल रेघ आली आहे आणि ती सोयीची आहे, यात शंका नाही. पण तिच्यावरही एकदा नळी लावून पाहणारे मिस्त्री मी पाहिले आहेत, आणि मला ते आवडतात.

आता शब्दाच्या कुळाविषयी. मिस्त्रीचा मिसर देशाशी, खडीसाखरेशी किंवा माल मिसळण्याशी काही संबंध नाही. तो पोर्तुगीज "मेस्त्रे" म्हणजे उस्ताद या शब्दावरून आला. पोर्तुगीज वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत आणि गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत होते, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर त्यांचे शब्द रुजले यात नवल नाही. गोव्यात सुताराला मेस्त म्हणतात, सिंधुदुर्गात मेस्त्री हे आडनाव जागोजागी भेटते, आणि मूळचा एकार ज्यात राहिला नाही तो मिस्त्री मुंबईत आणि देशावर चालतो, पारशी आणि गुजराती आडनावांतही दिसतो. तमिळ, कन्नड आणि तेलुगूतही मेस्त्री आहे. बंगालीत गवंड्याला राजमिस्त्री म्हणतात. त्या दिवशी बाईंच्या दारात आलेले घमेले आणि त्याने दुरुस्त केलेली बिजागरी हे दोन्ही शब्दही पोर्तुगीजच, आणि पाण्याचे पिंप, कुलपाची चावी व महिनाअखेरचा पगारसुद्धा. मला सर्वांत मौज वाटते ती मास्तर या शब्दाची, कारण मेस्त्रे आणि इंग्रजी मास्टर हे दोन्ही एकाच लॅटिन शब्दाचे वंशज असल्यामुळे शाळेतले मास्तर आणि भिंतीवरचे मिस्त्री हे शब्दाच्या नात्याने सख्खे चुलतभाऊ ठरतात.

तरीही प्रत्येक कसबी माणसाला मिस्त्री म्हणता येत नाही. सोनाराच्या पेढीवर घडणावळ करणारा, पैठणी विणणारा किंवा पेणला गणपती घडवणारा हा कारागीर. त्याला मिस्त्री म्हटले तर ऐकणारा चमकेल. बांधकाम, लाकूडकाम, यंत्रे आणि मोटारी अशा ओळंबा (उभी रेघ पाहण्याची वजन बांधलेली दोरी), गुण्या (काटकोन पाहण्याचे साधन) आणि सांधे यांच्या कामांतच हा शब्द वावरतो, आणि मोटारींच्या बाबतीत तर मेकॅनिकने त्याला बरेचसे बाहेर ढकलले आहे. मुकादमाशीही त्याची गल्लत करू नये. मुकादम टोळी आणतो, उचल देतो, हजेरी घेतो. त्याला थापी धरता आली नाही तरी चालते.

व्याकरणाची एक गंमत सांगतो. काम मनासारखे झाले की घरमालक "मिस्त्रींनी छान केलं" म्हणतात, आणि न्हाणीघरातले पाणी जाळीकडे न जाता दाराकडे वळले की तोच माणूस "मिस्त्र्याने वाट लावली" या वाक्यात येतो. मिस्त्रीण म्हणजे मात्र आजवर मिस्त्रीची बायको, जशी मास्तरीणबाई पूर्वी मास्तरांची बायको असे. बायका बांधकामावर पिढ्यानपिढ्या आहेत, पण बहुतेकींच्या वाट्याला डोक्यावरचे घमेलेच आले, आणि त्यांच्यासाठी भाषेला बिगारी बाई यापलीकडे शब्द लागला नाही. माझ्या सध्याच्या कामावर एक बाई आता फरशीचे सांधे भरते आणि नळीचे टोकही धरते. तिला काय म्हणायचे, असे एका इंजिनिअर मुलाने मला गेल्याच आठवड्यात विचारले. मी मिस्त्रीच म्हणतो. हजेरीपटावर तिचे नाव अजून अकुशलच्या रकान्यात आहे. तो बदल मला या महिन्यात करायचा आहे.