एका रिंगपासून सुरू झालेलं काम – आमची वाटचाल

नमस्कार मंडळी, रायफलच्या बॅरलला लावायची वजनं, ट्यूब, ट्यूनर असलं बनवायचं तुम्हाला सुचलं कसं हे बरेच जण विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

मी स्वतः 10 मीटर एअर रायफल मारायचो. त्यात दहाचा ठिपका असतो फक्त 0.5 मिमीचा आणि छर्रा 4.5 मिमीचा, म्हणजे हात जरासा हलला की गेलाच पॉइंट. माझी रायफल पुढून हलकी होती, ट्रिगर दाबता दाबता पुढचं टोक झुलायचं, म्हणून लेथ चालवणाऱ्या मित्राकडून स्टीलची एक रिंग करून घेतली आणि दोन ग्रब स्क्रूने बॅरलवर आवळली. झुलणं कमी झालं. सोबतच्या दोघांनी मागितली, मग अजून चौघांनी, आणि बघता बघता आम्ही दोघं भागीदार झालो.

पण एका गिऱ्हाइकाचा ग्रुप, म्हणजे लागोपाठ मारलेल्या छऱ्यांच्या खुणांचा पुंजका, रिंग लावल्यावर उलट मोठा झाला. बरेच दिवस कळेना, शेवटी लक्षात आलं की स्क्रू एकाच जागी बॅरलवर दाब देतायत. तेव्हापासून एका बाजूला चीर दिलेला गोल क्लॅम्प बनवतो, तो सगळ्या बाजूंनी सारखा धरतो.

दुसरी चूक मनाला जास्त लागली. एकाला बॅरलच्या पुढे जोडायची लांब ट्यूब बनवून दिली, नेम धरायची पुढची साईट लांब गेली की नेमातली चूक लवकर दिसते म्हणून. पण नियमात एअर रायफलची यंत्रणेच्या मागच्या टोकापासून पुढच्या तोंडापर्यंतची लांबी 850 मिमीच्या आत लागते, आणि आम्ही मूळ लांबी विचारलीच नव्हती. मॅचच्या आधीच्या तपासणीत ती ट्यूब काढावी लागली. आता ऑर्डर घेतानाच लांबी आणि वजन दोन्ही विचारतो, कारण वजनालाही 5.5 किलोची मर्यादा आहे.

ट्यूनर, म्हणजे बॅरलच्या तोंडावरचं पुढेमागे करता येणारं वजन, मात्र खरं 50 मीटरवर पॉइंट टू टू (0.22 इंची) रायफल मारणाऱ्यांसाठी. गोळी सुटताना बॅरल थरथरते, आणि प्रत्येक गोळीचा वेग थोडा कमीजास्त असतोच. हळू गोळी उशिरा बाहेर पडते, त्या क्षणी बॅरलचं तोंड वर जात असेल तर ती थोडी वर सुटते, वाटेत जास्त खाली येते आणि 50 मीटरपर्यंत वेगवान गोळीच्या जवळच येऊन लागते. तोंडावरचं वजन पुढेमागे करून हीच वेळ जुळवायची असते. म्हणून आमच्या ट्यूनरवर बारीक आट्या आणि आकडे आहेत, जुळलेली जागा वहीत लिहून ठेवता येते. पण एका सेटिंगला तीन गोळ्या मारून निर्णय घेऊ नका हो, निदान दहा मारा, एकाच लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या), नाहीतर योगायोगालाच तुम्ही ट्यूनिंग समजाल.

आणि हे मी दुकानदार असूनही सांगतो, फोन आला की आधी आमचा माल विकत नाही. स्टॉकचे, म्हणजे रायफल ज्यात बसते त्या दस्त्याचे, स्क्रू टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने) दरवेळी सारखेच आवळता का? फ्री फ्लोट, म्हणजे स्टॉकला न टेकणारी, बॅरल असेल तर ती आणि स्टॉक यांच्यामधून कागद सरळ सरकतो का? छऱ्यांचे 4.49, 4.50, 4.51 असे वेगवेगळे हेड साईज (पुढच्या टोकाचा व्यास, मिमीत) रायफल बाकावर धरून मारून बघितलेत का? पुढच्या साईटची रिंग फार बारीक तर नाही, कारण गोल काळा ठिपका तिच्यात घट्ट बसला की डोळा ताणतो आणि माणूस गोळी सोडायला घाबरतो. कितीतरी जणांचं काम इथेच होतं.

मागे एक मुलगी ट्यूनर घ्यायला आली होती, तिचा स्टॉकचा मागचा स्क्रू अर्धा फेरा ढिला निघाला. तो आवळून दिला, तिने तिथेच दहा मारले आणि ग्रुप बघून ट्यूनर न घेताच गेली. महिनाभराने तीच परत आली, यावेळी पुढून रायफल हलकी वाटते म्हणून, आणि तिच्यासाठी 50 ग्रॅमच्या रिंगा केल्या, एकेक वाढवत जाता येतील अशा. सध्या सगळ्यात जास्त त्याच जातात.